माझा चान्स कधी?

नमस्कार मंडळी.

टेबलावरच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या या दोन जॉयस्टिक मागच्या रांगांना नीट दिसणार नाहीत, म्हणून सांगते. ही पहिली. डाव्या अंगठ्याखाली दिशांचं बटण, उजवीकडे ए आणि बी, मधोमध दोन रबरी पट्ट्या, सिलेक्ट आणि स्टार्ट. आणि ही दुसरी. दिशांचं बटण आहे, ए आहे, बी आहे, मधली जागा मात्र रिकामी. ही ज्याच्या हातात, त्याला गेम सुरू करता येत नाही, थांबवता येत नाही, एकट्याने खेळायचं की दोघांनी हेही ठरवता येत नाही. तहान लागली तरी पहिल्याची विनवणी करायची, 'अरे, पॉज कर ना जरा.'

आमच्या घरी पहिली जॉयस्टिक दादाची. मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, त्यामुळे दुसरी माझी. यात चर्चेला वाव नव्हता. जुन्या व्हिडिओ गेमबद्दल हौसेने बोलणारे बहुतेक जण पहिल्या जॉयस्टिकवाले असतात, असं मी पाहत आले आहे. कुठला बॉस, म्हणजे स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू, कसा मारला, कुठे गुप्त पाइप होता, हे सगळं त्यांच्याकडून ऐकावं. मी आज दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. अलीकडे हे गेम मी पुन्हा काढून खेळते आहे आणि माझं मत असं होत गेलंय, की यातला कुठला गेम खरंच चांगला होता आणि कुठला नुसता लाडका होता, हे दुसऱ्या जॉयस्टिकवरून लवकर कळतं. पहिल्या खेळाडूची काळजी सगळेच गेम घेतात.

ही रिकामी जागा काही आपल्याकडच्या दुकानदाराने पैसे वाचवायला ठेवलेली नाही. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं मशीन विकायला काढलं, त्याच्या दुसऱ्या कंट्रोलरवर मुळातच स्टार्ट आणि सिलेक्ट नव्हते. त्याऐवजी चक्क मायक्रोफोन होता! निन्टेन्डोच्याच 'झेल्डा' या गेमच्या जपानी आवृत्तीत लांब कानांचे ससेवजा राक्षस आहेत, ते या माइकमध्ये ओरडलं की मरतात. पुढे तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी या मशीनच्या नकला काढल्या, तेव्हा माइक गाळला, पण बटणं काही परत दिली नाहीत. म्हणजे आमच्या वाट्याला ते अधिकृत ओरडणंही आलं नाही. अनधिकृत भरपूर केलं.

मूळ निन्टेन्डो आपल्यापैकी फार थोड्यांनी हाताळला असेल. आपल्या घरात आलं ते या नकलांपैकी एखादं, आणि त्याला सगळे नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचे. आमचं मशीन काकाने दिवाळीत पुण्याहून, तपकीर गल्लीतून, सांगलीला आणलं. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथे याची खुपसायची आणि बटण फिरवत बसायचं. मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर यायचं. आई दर अर्ध्या तासाला सांगून जायची, की पिक्चर ट्यूब जाईल. ही माहिती त्या काळी महाराष्ट्रातल्या सगळ्या आयांना एकाच दिवशी कुणी दिली, मला कळलेलं नाही.

मी डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तेव्हा थोडं आतलंही सांगते. हे मशीन मी उघडून आणलंय. बघा, एवढा मोठा डबा, आणि आत तळहाताएवढा बोर्ड. डब्याचा आकार केवळ रुबाबासाठी. बोर्डावर हा काळा गोल थेंब आहे, डांबर सांडल्यासारखा, त्याच्याखाली सगळं मशीन आहे. मूळ फॅमिकॉममध्ये प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, मेमरीच्या चिपा वेगळ्या. नकलाकारांनी ते सगळं एका तुकड्यात बसवलं आणि वर राळ ओतली. प्रोसेसरचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ. कामाला मेमरी २ किलोबाइट. मी आज बोलणार आहे ते भाषण नुसतं टाइप केलं तर त्यात मावणार नाही.

आता कॅसेटकडे या. हिच्यावर लिहिलंय '९९९९ इन १'. लहानपणी आम्ही ते खरं मानून यादी खाली खाली नेत बसलो होतो. वीस-पंचवीसाव्या ओळीनंतर तोच मारिओ पुन्हा भेटायचा, फक्त दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारा. स्टिकरवरचं चित्र आतल्या कुठल्याच गेमचं नसायचं. पण त्या वीस-पंचवीस गेममध्ये कोण कोण होतं? मारिओ, टँक, बदकं, सर्कस, बॉम्बरमॅन, पोपाय, एक्साइटबाइक, रोड फायटर, लोड रनर. तुमच्या घरची यादीही थोड्याफार फरकाने हीच असणार. सांगलीत, नागपुरात, पणजीत एकच यादी कशी, असा प्रश्न मला फार उशिरा पडला.

त्याचं उत्तर चिपच्या किमतीत आहे. फॅमिकॉमला कॅसेटमधली ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रं थेट वाचता येत. १९८३ ते १९८५ चे गेम त्या ४० किलोबाइटच्या आतले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' बरोबर ४० चा, 'बॅटल सिटी' म्हणजे आपला टँकचा गेम अवघा २४ चा. पुढचे गेम मोठे झाले तसं त्यांच्या कॅसेटमध्ये एक जादा चिप बसवावी लागली, जी मेमरीचे तुकडे आलटून पालटून मशीनपुढे धरते. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या 'झेल्डा'च्या कॅसेटमध्ये तर खेळ साठवून ठेवायला बॅटरीसुद्धा होती. नकलाकाराला स्वस्तात भरगच्च कॅसेट काढायची तर तो बॅटरी आणि जादा चिपांच्या वाटेला कशाला जाईल? त्याने लहान गेम उचलले आणि एका मोठ्या चिपमध्ये कोंबले.

त्यामुळे अमेरिकेतला माझ्या वयाचा माणूस लहानपणच्या निन्टेन्डोबद्दल बोलतो तेव्हा त्यात 'झेल्डा' असतो, 'मेट्रॉइड' असतो, आठवडेच्या आठवडे चालणारे गोष्टीचे गेम असतात. आपल्याकडे ते पोचलेच नाहीत. उलट 'बॅटल सिटी' निन्टेन्डोवर अमेरिकेत कधी प्रसिद्धच झाला नाही. तो आपला, रशियातल्या मुलांचा आणि चीनमधल्या मुलांचा. १९९५ साली आपण १९८५ चे गेम खेळत होतो, ते केवळ २४ आणि ४० किलोबाइटचे होते म्हणून. आपल्याकडचे अभिजात गेम अशा रीतीने निवडले गेले. समीक्षकांनी निवडलेल्या काही याद्या मी वाचल्या आहेत, त्यापेक्षा ही वाईट निघाली असं मला वाटत नाही.

मारिओपासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर माझा जुना राग आहे. १३ सप्टेंबर १९८५ चा गेम. दोघांनी खेळायचा म्हटलं की पहिला मारिओ, दुसरा लुइजी. लुइजी म्हणजे तोच मारिओ, कपडे पांढरे-हिरवे. दोघे एकत्र कधीच येत नाहीत. मारिओ मेला की लुइजीचा चान्स, लुइजी मेला की मारिओचा. कागदावर समान न्याय. प्रत्यक्षात दादा न मरता तिसऱ्या जगापर्यंत जायचा आणि मी पहिल्या मश्रूमला धडकून परत त्याच्या स्वाधीन. एका संध्याकाळी माझ्या हातात जॉयस्टिक किती वेळ असायची म्हणता? बघण्याचा वेळ मात्र अमाप मिळाला.

बघून बघून काही गोष्टी मला त्याच्या आधी दिसल्या. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच आहे, फक्त रंग वेगळा, हे मी सांगितलं तेव्हा दादाने मला वेड्यात काढलं होतं. पुढे कळलं की खरंच एकच चित्र दोन रंगांत वापरलंय, ८ किलोबाइटमध्ये सगळी चित्रं बसवायची होती म्हणून. घड्याळ शंभरच्या खाली आलं की गाणं पळायला लागतं. खेळणाऱ्याला ते घाईचं वाटतं, बघणाऱ्याला आशेचं.

आता मोठेपणी, माझा मीच चान्स घेऊन खेळले, तेव्हा पहिल्या पडद्याची कारागिरी पाहून थक्क झाले. एकही अक्षर न लिहिता तो गेम शिकवतो. समोरून एक रागावलेला मश्रूम चालत येतो. काहीच केलं नाही तर मरता, म्हणजे उडी मारायची हे कळलं. वर प्रश्नचिन्हाची वीट, तिला डोकं लागलं की नाणं. दुसऱ्या विटेतून चांगला मश्रूम निघतो, उजवीकडे सरकतो, पाइपावर आपटतो आणि उलटा तुमच्याच अंगावर येतो. नवख्या माणसाला तो टाळणंच अवघड. शत्रू समजून घाबरावं तर अंगाला लागून आपण मोठे होतो. तिसरीतली, इंग्रजीचा गंध नसलेली मुलगी हे शिकू शकली, कारण शिकवणाऱ्याने भाषेवर काही सोडलंच नव्हतं. मी रोज वर्गात शिकवते, मला हे जमत नाही.

तरीसुद्धा दोघांचा गेम म्हणून मारिओला मी नापास करते. दुसऱ्याला रांगेत उभं करणं म्हणजे दोघांचा गेम नव्हे.

'बॅटल सिटी' आला ९ सप्टेंबर १९८५ ला, मारिओच्या चार दिवस आधी. नामको कंपनीचा. या गेमवर मला जरा निवांत बोलायचंय, कारण माझ्या मते आपल्या त्या यादीतला सगळ्यात शहाणा गेम हा. पडद्याच्या तळाशी मधोमध विटांच्या आडोशाला एक पक्षी. तो गरुड आहे. आमच्याकडे त्याला कबूतर म्हणत, कारण आमच्या गॅलरीत तसलंच एक बसायचं. त्याच्या डावीकडे पहिल्याचा पिवळा टँक, उजवीकडे दुसऱ्याचा हिरवा. वरून तीन ठिकाणांहून शत्रूचे टँक येतात, एका स्टेजला वीस. ते सगळे मारले की पुढची स्टेज. कबुतराला एक गोळी लागली की संपलं, मग तुमच्याकडे कितीही लाइफ असोत.

एवढ्यात काय काय आहे पाहा. दोघे एकाच वेळी, एकाच पडद्यावर. पडदा सरकत नाही, म्हणून कुणी मागे पडत नाही. उजवी बाजू माझी, ती दादा सांभाळूच शकत नाही, कारण तो डावीकडे गुंतलेला असतो. माझ्या बाजूने एक जरी टँक खाली उतरला तर आम्ही दोघेही हरतो. कितीही बारीक असले तरी मी तिथे लागते. पहिल्या जॉयस्टिकवाल्यांना यातली गंमत कळणार नाही. घरात, गल्लीत, क्रिकेटमध्ये, सगळीकडे लिंबूटिंबू असणाऱ्या पोरीवर अर्धं राज्य सोपवणारा तो एकमेव गेम होता.

शिवाय त्यात भांडणाची सोय आहे. तुमची गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागच्या जागी लुकलुकत खिळून राहतो. म्हणजे चुकून लागली तरी सूड घेण्यापुरता वेळ उरतो. आणि स्वतःच्या कबुतरालाही तुम्ही स्वतः मारू शकता. दादाने तारा पळवला, की मी टँक वळवून कबुतराकडे तोंड करून उभी राहायचे. गोळी झाडायची गरज पडायची नाही. फार लहान वयात मला वाटाघाटी कळल्या.

तारा म्हणजे काय, ते ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लुकलुकणारा टँक मारला की कुठेतरी एखादी वस्तू उमटते. फावडं घेतलं की कबुतराभोवतीच्या विटा काही वेळ पोलादी होतात. घड्याळ घेतलं की शत्रू थिजतात. बॉम्ब घेतला की पडद्यावरचे सगळे उडतात. तारा घेतला की तोफ सुधारते, आणि तिसऱ्या ताऱ्यानंतर पोलादसुद्धा फुटतं. वस्तू एकच उमटते आणि खेळणारे दोघे. कुणी घ्यायची? ज्याची तोफ कमकुवत त्याला द्यायची की जो पुढे आहे त्याला अजून बळकट करायचं? हा प्रश्न गेम विचारतो आणि उत्तर तुमच्यावर सोडतो. मारामारीच्या वेळी गाणंही नाही, फक्त टँकची घरघर. त्यामुळे आपसात बोलणं ऐकू येतं. त्यांनी मुद्दाम तसं ठेवलं असेल किंवा २४ किलोबाइटमध्ये जागा उरली नसेल, मला दोन्ही चालेल.

आणि मेनूतली तिसरी ओळ आठवते का? 'कन्स्ट्रक्शन'. स्वतःचा नकाशा बांधायचा. वीट, पोलाद, पाणी, झाडी, बर्फ. आम्ही कबुतराला चारी बाजूंनी पोलादात चिणून टाकायचो आणि मग निर्धास्त फिरायचो. पाच मिनिटांत कंटाळा यायचा. धोका काढून घेतला की खेळायला काहीच उरत नाही, हे आम्हाला असं कळलं. लाइट गेली की नकाशाही गेला. आमच्याकडे लाइट वारंवार जायची.

धावत धावत गोळ्या झाडायचा 'कॉन्ट्रा' मात्र त्या लहान गेमांतला नव्हे. अमेरिकी आवृत्ती १९८८ ची, १२८ किलोबाइटची, जादा चिपवाली. म्हणून तो बहुधा वेगळ्या, महागड्या कॅसेटमध्ये मिळायचा. आमच्या गल्लीत ती एकाच घरी होती आणि त्या घरातल्या मुलाचा भाव त्यामुळे वधारलेला असायचा. तुम्हाला वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए हे पाठ असेल. सुरुवातीच्या पडद्यावर ही बटणं या क्रमाने दाबली की तीस लाइफ. हा मंत्र काझुहिसा हाशिमोटो या कोनामीच्या, म्हणजे कॉन्ट्रा काढणाऱ्या कंपनीच्या, माणसाने १९८६ च्या 'ग्रेडियस' या गेमसाठी केला. गेम तपासायला त्याला स्वतःलाच खेळावा लागे आणि त्याला तो झेपत नव्हता. हाशिमोटो २०२० साली वारले. सांगलीच्या गल्लीत हा मंत्र कुणी आणला, ते कोडं आहे. तेव्हा ना इंटरनेट, ना गेमची मासिकं. एका मामेभावाने दुसऱ्याला सांगितला, एवढंच.

दोघांचा गेम म्हणून कॉन्ट्राची पहिली स्टेज उत्तम आहे. निळा पहिला, लाल दुसरा, दोघे शेजारी शेजारी धावतात, 'एस' लिहिलेली पसरट गोळी कुणी उचलायची यावरून झटापट. आणि मग तिसरी स्टेज, धबधबा. तिथे पडदा वर सरकतो. पहिला भराभर उड्या मारत वर गेला की दुसऱ्याच्या पायाखालचा दगड पडद्याबाहेर जातो आणि तो मरतो. शत्रूने नाही मारलं, भावाने मारलं, तेही लक्ष नसताना. मी परवा भाचीबरोबर खेळताना पहिली जॉयस्टिक माझ्याकडे होती. मी तिला अगदी तसंच मारलं. ती म्हणाली, 'मावशी, तू बघतच नाहीस खाली.' तो धबधबा चांगला शिक्षक आहे असं कुणी म्हणेल. मला तो अजूनही निर्दय वाटतो आणि आवडतोही.

बंदुकीबद्दल थोडक्यात. बदकवाला गेम, 'डक हंट', १९८४. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट ती बघते. चाप ओढला की क्षणभर पूर्ण पडदा काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या सेन्सरला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम बसला. आधी काळोख दिसणं आवश्यक, म्हणून ट्यूबलाइटवर नेम धरून फसवता येत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी ते करून पाहिलं होतं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं, सेन्सर आधीच बघून मोकळा होतो, आणि तुम्ही कितीही जवळून मारा, कुत्रा बाहेर येऊन हसतोच. भंगारवाल्याकडून एक काचेचा टीव्ही आणून मी खात्री केली. तिथे बंदूक चालते.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. या गेमच्या एका बदकाच्या प्रकारात दुसऱ्या माणसाला जॉयस्टिकने बदक उडवता येतं. खरंच! मूळ गेमच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं आहे. आपल्या कॅसेटबरोबर माहितीपत्रक कुठून येणार? दादा नेम धरायचा आणि मी शेजारी नुसती बसून असायचे, तेव्हा जॉयस्टिक जमिनीवर पडलेली असायची. ती उचलून नुसतं वर दाबलं असतं तर... जाऊ दे. नकलेबरोबर गेम पूर्ण आला, पण तो कसा खेळायचा याचा कागद आला नाही. आपल्या पिढीच्या अनेक गोष्टींचं तसंच झालंय.

एसटी स्टँडजवळ एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, नाणं टाकून खेळायचं. तिथे मुली जात नसत. दादाच्या मागे लपून मी काही वेळा गेले. तिथला राजा 'मुस्तफा'. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३, मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिकवरून काढलेला. चार पात्रांत एक मुस्तफा, पिवळी टोपीवाला, आणि आपल्या लोकांनी अख्ख्या गेमला त्याचंच नाव दिलं. बाकीचे तिघे कुणाला आठवत नाहीत. आता घरी फुकट नाण्यांवर तो खेळले, तेव्हा माझा भ्रमनिरास झाला. दिसायला देखणा, आवाज दणदणीत, पण बॉस असे ठेवलेत की दर थोड्या वेळाने तुमचा रुपया गेलाच पाहिजे. तुमचं काय चुकलं हे कळत नाही. 'कंटिन्यू' म्हणून उलटी मोजणी सुरू होते आणि खिसा चाचपायला लावते. नाण्यांची भीती काढून टाकली की बटणं बडवण्यापलीकडे त्यात फारसं काही नाही. ज्यांचं बालपण त्या पार्लरमध्ये गेलं ते माझ्यावर रागावतील. रागवा. पार्लरमधली मजा त्या गर्दीची होती, मागे उभं राहून सल्ले देणाऱ्यांची होती.

आता हे गेम खेळायला काचेचा टीव्ही लागत नाही. फोनवर, संगणकावर एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्रॅम, आहेत, आणि त्यांत एक सोय असते. मेलात की बटण दाबा, दहा सेकंद मागे जा. मी ते वापरून कॉन्ट्रा एका दुपारी संपवला आणि संपला तेव्हा काहीच वाटलं नाही. पूर्वी आठव्या स्टेजपर्यंत पोचताना तळव्यांना घाम यायचा, कारण मेलो तर पहिल्यापासून. त्या गेमची लांबी मुळात अर्ध्या-पाऊण तासाची आहे. बाकीचे महिने आपल्या मरण्याने भरलेले असायचे. मरणं काढलं की अर्धा तास उरतो. भाचीला मी नियम घातलाय की मागे जायचं बटण बंद. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती, पण आता तिला धबधबा येतो.

जुने गेम म्हणजे संपलेली गोष्ट, असं समजू नका. निन्टेन्डोचा 'टेट्रिस', वरून पडणाऱ्या विटा रचायचा गेम, १९८९ चा आहे. त्याला शेवट नाही असंच सगळे धरून चालले होते. काही पातळ्यांनंतर विटा इतक्या वेगाने पडतात की अंगठा पोचतच नाही. मग खेळणाऱ्यांनी जॉयस्टिक धरण्याची पद्धतच बदलली. बटणावर एक बोट नुसतं ठेवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी जॉयस्टिकला मागून टपटप ढकलायचं. २१ डिसेंबर २०२३ ला एका तेरा वर्षांच्या अमेरिकी मुलाने १५७ व्या पातळीवर मशीनलाच थिजवलं. त्याआधी ते फक्त संगणक-प्रोग्रॅमना जमलं होतं. त्या मुलाच्या जन्माआधी वीसेक वर्षं निघालेला गेम!

२०२३ मध्येच व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने पाहणी केली. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ते रीतसर छापलेल्या, नोंद असलेल्या गेमांचं. आपल्या '९९९९ इन १' ची नोंद कोण ठेवणार? त्या चोरीच्या होत्या हे खरंच आहे, त्याचं कौतुक करायला मी उभी नाही. पण कुठल्या कॅसेटमध्ये कुठले गेम होते, कुणी त्यात फेरफार करून तीस लाइफ आधीच भरून ठेवल्या होत्या, स्टिकरवर कुणाचा फोटो चिकटवला होता, हा आपल्या घरांचा इतिहास आहे, आणि तो भंगारात किलोवर जातोय. मी जमेल तेवढ्या कॅसेट वाचून त्यांची यादी करते आहे.

मघाशी एका काकांनी विचारलं, की माळ्यावर जुनं मशीन आहे, चालेल का? चालण्याची शक्यता चांगली आहे, त्या काळ्या थेंबाला सहसा काही होत नाही. फक्त कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारली, पण फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा घातली की टोकं नीट टेकायची, एवढंच. उलट तोंडातल्या दमटपणाने तांबं गंजतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, टोकं पुसा, वाळू द्या. आणि जुना अडॅप्टर सापडत नसेल तर घरातला दुसरा कुठला तरी खुपसू नका. या मशीनना अनेकदा पिनेच्या मधे ऋण आणि बाहेर धन लागतं, म्हणजे आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या उलट. आधी मल्टिमीटरने तपासा, किंवा मशीन घेऊन माझ्याकडे या. कॅसेटही आणा, मी वाचून लगेच परत देते.